तंबाखूविरोधी युवा गटात निवड झाली आहे, घरी अम्मा विड्या वळते. तिथं काय बोलू?

पूर्वभाग_नर्सिंग:

नमस्कार. मी सोलापूरची, बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घर पूर्वभागात, अशोक चौकाच्या पुढं. घरात तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची, आता कॉलेज इंग्रजीतून. हे आधी सांगते कारण माझा प्रश्न त्यातच अडकलाय.

कॉलेजच्या एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) ग्रुपवर एक फॉर्म आला होता. तंबाखू नियंत्रणावर काम करणारी एक आंतरराष्ट्रीय आरोग्य संस्था (नाव मुद्दाम लिहीत नाही) तरुणांचा सल्लागार गट करतेय. मी फॉर्म भरला, मोबाईलवर छोटा व्हिडिओ करून पाठवला आणि निवड झाली. कॉलेजच्या फलकावर नाव लागलं. येत्या शनिवारी पहिली ऑनलाइन बैठक आहे, प्रत्येकाला तीन मिनिटं. सगळ्यांचं मिळून तरुणांचं एक निवेदन होणार आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराची परिषद भरेल तेव्हा ते देशोदेशीच्या प्रतिनिधींना देणार, असं सांगितलंय.

माझी अम्मा विड्या वळते. अव्वा (आजी) वळायची, दोन्ही पेद्दम्मा (मोठ्या मावश्या) वळतात. दुपारी आमच्या गल्लीतून गेलात तर दारोदारी मांडीवर सूप घेतलेल्या बायका दिसतील. तेंदूची पानं भिजवून रात्रभर ओल्या फडक्यात बांधून ठेवायची, सकाळी पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापायची, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं. मजुरी हजार विड्यांवर. कारखान्यात माल द्यायला गेलं की खराब म्हणून ज्या बाजूला काढतील त्यांचे पैसे नाहीत. शाळेतून आल्यावर दोरा बांधायला मीही बसायचे. विडी कामगारांच्या मुलांना केंद्र सरकारची शिष्यवृत्ती असते, अम्माच्या ओळखपत्रावर ती मला मिळाली.

दुसरीकडं वॉर्ड. छातीच्या वॉर्डात ड्यूटी असताना मी ज्यांना नेब्युलायझर लावला, त्यातल्या किती जणांनी आयुष्यभर विडी ओढलेली. तोंडाच्या वॉर्डात एक तरुण मुलगा होता, त्याचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नव्हतं. तंबाखूचा मावा खायचा. तंबाखू काय करतो हे मला कुणी पटवून द्यायला नको. अम्मा रोज सकाळी मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) दातांना लावते, रात्री खोकते, मान आणि पाठ तर कायमचीच धरलेली. हा धंदा तिच्या अंगावर बसलाय हे मला दिसतं.

मी बोलण्याचा मसुदा लिहिला त्यात हे दोन्ही लिहिलं. गटाच्या समन्वयक दिल्लीच्या आहेत, बोलायला फार चांगल्या. त्यांनी मसुदा परत पाठवला तेव्हा अम्माचा सगळा भाग गेला होता. म्हणाल्या, तीन मिनिटांत एकच संदेश जायला हवा, विडी कामगारांचा विषय काढला की विडी कंपन्यांच्या बाजूचं बोलणं वाटतं. शेवटी त्यांनी एक वाक्य घातलंय, ‘आमच्या पिढीला तंबाखूमुक्त जग हवं आहे.’ ते वाक्य मला मनापासून पटतं. पण तेवढंच बोलले तर माझ्या गल्लीतल्या बायकांचं काय, हे त्या बैठकीत कुणीच विचारणार नाही.

अम्माला एवढंच माहीत आहे की तंबाखूवर काहीतरी मीटिंग आहे. परवा विड्या वळता वळता मान वर न करता तिनं विचारलं, “आमचं काम बंद करायला सांगणार का गं तू तिथं?” मी काही बोलले नाही.

मला खरंच विचारायचंय. अशा गटांतून काही होतं का? की मुलं बोलतात, फोटो निघतो, प्रमाणपत्र येतं आणि निवेदन कुठंतरी पडून राहतं? संस्थेनं काढलेला भाग मी परत घातला तर ते चुकीचं ठरेल का? आणि इंग्रजीत मी अडखळते, विचार मराठीत येतो, अम्माचं बोलणं तेलुगूत. अशा कामात कुणी आधी गेलेलं असेल तर सांगा.

जुळे_सोलापूर:

अभिनंदन ताई. माझं मत स्पष्ट सांगतो. पहिल्याच बैठकीत वाद नको. त्यांनी दिलं तसं बोला, ओळख होऊ द्या, गटात पाय रोवा, मग दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत विडीचा विषय काढा. आपल्या गावातल्या मुलांना असे दरवाजे रोज उघडत नाहीत. पुढं परदेशात शिकायला जायचं झालं तर हा अनुभव उपयोगी पडेल, तो हातचा घालवू नका. काळजीपोटीच सांगतोय.

फील्डवरची_ताई:

जुळे सोलापूरवाल्या भावाची काळजी समजते, पण माझं मत वेगळं आहे. का ते नीट सांगते, जरा लांबेल.

पोलिओच्या काळात मी सोलापुरात मॉनिटर म्हणून काम केलंय. जागतिक आरोग्य संघटनेचा पोलिओ सर्वेक्षणाचा प्रकल्प 1997 पासून देशात होता, आणि लसीकरणाच्या फेरीपुरती आमच्यासारखी स्थानिक माणसं घेत. काम असं की पथक घरोघरी जाऊन गेल्यावर आपण मागून जायचं, पोरांच्या करंगळीची शाई बघायची, दारावरची खडूची खूण बघायची. सगळ्या पोरांना डोस मिळाला असेल तर ‘पी’, एखादं राहिलं असेल तर ‘एक्स’. संध्याकाळी आरोग्य केंद्रात बैठक. आजची एक्स घरं किती, का राहिली, उद्या काय करायचं.

तुझ्याच पूर्वभागातल्या एका वस्तीत एक्स घरं काही कमी होत नव्हती. कागदावर कारण लिहिलेलं असायचं ‘नकार’. म्हणजे आईबाप डोस द्यायला तयार नाहीत. मग त्यांना समजवायला मोठी माणसं पाठवा, पत्रकं वाटा, भोंगा फिरवा, असं चालायचं. त्या फेरीत एनएसएसची एक मुलगी पथकाबरोबर होती, बारावीला असेल. तेलुगू येत होतं म्हणून घेतलेली. संध्याकाळच्या बैठकीला ती दाराशी उभी होती, तिला कुणी बसही म्हटलं नव्हतं. डॉक्टर ‘नकार’ची यादी वाचत होते तेव्हा ती मधेच म्हणाली, “सर, हे नकार नाहीत. सकाळी त्या बायका माल द्यायला कारखान्यात जातात, लहान पोरं बरोबर नेतात. घरात म्हातारी असते, ती म्हणते नंतर या. दुपारी तीननंतर गेलं तर सगळी भेटतील.”

डॉक्टरांनी तिला पुढं बोलावून नकाशावर गल्ल्या दाखवायला लावल्या. दुसऱ्या दिवशी त्या भागाचं पथक दुपारी गेलं आणि सकाळी दोघीजणी कारखान्याच्या दाराशी डोसची पेटी घेऊन उभ्या राहिल्या. एक्स घरं भराभर पी झाली. त्यानंतर त्या भागाच्या नियोजनात दुपारची वेळ कायमची आली.

देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 ला हावड्यात सापडला आणि 27 मार्च 2014 ला आपल्या भागाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. त्यात जिनिव्हाचा (जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्यालयाचा), दिल्लीचा वाटा मोठाच. पण त्या वस्तीपुरतं सांगायचं तर त्या मुलीचं एक वाक्य सगळ्या पत्रकांपेक्षा कामाला आलं.

आता बघ, तिचं बोलणं कामाला का आलं. तिला काय बोलायचं ते कुणी लिहून दिलं नव्हतं. तिला जे माहीत होतं ते त्या खोलीत दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. आणि समोर बसलेल्या माणसाच्या हातात उद्याचं नियोजन बदलायचा अधिकार होता. मोठ्या संस्था तरुणांना बोलावतात तेव्हा बहुतेक वेळा ही तिसरी गोष्टच नसते. टोप्या वाटतात, बॅनर धरायला लावतात, सभागृहात पुढच्या रांगेत बसवतात, आणि ज्यांच्या सहीनं काही बदलेल ती माणसं तोवर दुसऱ्या खोलीत असतात. मी हे पुष्कळदा पाहिलंय आणि दरवेळी मला त्या पोरांसाठी वाईट वाटलंय, कारण ती खरंच काहीतरी घेऊन आलेली असतात.

म्हणून समन्वयक बाईंना आधी हे विचार: शनिवारच्या बैठकीत निर्णय घेणारं कोण बसणार आहे? निवेदनाचा मसुदा कोण लिहिणार आणि तो आम्हाला आधी दाखवणार का? आमचं एखादं म्हणणं घेतलं नाही तर का घेतलं नाही ते कळवणार का? हे उद्धटपणानं नको, सरळ मेल करून विचार. चांगली संस्था असेल तर उत्तर देईल.

आणि अम्माचा भाग परत घाल. तंबाखू वाईट आहे हे सांगायला त्यांच्याकडं हजार जण आहेत. विडी वळणाऱ्या घरातून आलेली नर्स त्या गटात कदाचित तू एकटीच असशील. तेच गाळून बोलायचं असेल तर तिथं तूच कशाला हवी?

एक मात्र कर बाळ. बोलायच्या आधी अम्माला सांग. तिच्याबद्दल परदेशातल्या लोकांपुढं बोलायचं तर तिला विचारूनच बोल.

पूर्वभाग_नर्सिंग:

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. मेल आजच पाठवते.

एक शंका मात्र राहते. समन्वयक मॅडमचं ‘कंपन्यांच्या बाजूचं वाटेल’ हे म्हणणं मला अगदीच खोटं वाटत नाही. मी अम्माचं बोलले आणि कुणी म्हटलं की विडीवर कर वाढवू नका कारण गरीब बायका आहेत, तर ते मला नकोय. मला विडी स्वस्त राहायला नकोय. मला अम्माचं दुसरं काहीतरी व्हायला हवंय.

इंटर्न_सिव्हिल:

मी इथल्या शासकीय मेडिकल कॉलेजात इंटर्न आहे, वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या संघटनेतून अशा काही ऑनलाइन सल्लामसलतींना बसलो आहे. तुमच्या शेवटच्या ओळीचं उत्तर करारातच आहे.

हा करार जागतिक आरोग्य सभेनं (संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेनं) 21 मे 2003 ला मंजूर केला, भारतानं 5 फेब्रुवारी 2004 ला त्याला मान्यता दिली आणि 27 फेब्रुवारी 2005 पासून तो लागू आहे. 180 हून अधिक देश त्यात आहेत. त्यातलं कलम 17 सांगतं की तंबाखू पिकवणारे आणि तंबाखूत काम करणारे मजूर यांना परवडेल असा दुसरा रोजगार मिळावा म्हणून सरकारांनी मदत करावी. कलम 18 तंबाखूच्या लागवडीत आणि उत्पादनात माणसांच्या आरोग्याची आणि पर्यावरणाची काळजी घ्यायला सांगतं. म्हणजे अम्माचा खोकला आणि अम्माची मजुरी दोन्ही करारात आधीपासून आहेत, तुम्ही बाहेरून काही आणत नाही.

पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. 2014 मध्ये मॉस्कोला झालेल्या सहाव्या परिषदेत या दोन कलमांसाठी धोरणाच्या शिफारशी मंजूर झाल्या. त्यात तत्त्व म्हणून लिहिलं आहे की या विषयावरचं धोरण ठरवताना शेतकरी आणि कामगार यांना सहभागी करून घ्यावं, मात्र कलम 5.3 सांभाळून. 5.3 म्हणजे तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून आरोग्य धोरण दूर ठेवायचं. तुमच्या मॅडमना भीती आहे ती याच कलमाची, आणि ती भीती योग्य आहे. पण ते कलम उद्योगाला रोखतं, कामगाराला नाही. मेलमध्ये हा मुद्दा कलमांच्या आकड्यांसह लिहा. संस्थेतल्या माणसांना ही भाषा लगेच कळते.

एक आकडा हाताशी ठेवा. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले 7.7 टक्के प्रौढ विडी ओढत होते आणि 4 टक्के सिगारेट. महाराष्ट्राचं चित्र आणखी वेगळं आहे: ओढणारे 3.8 टक्के, पण खाणारे, चघळणारे, मिश्री लावणारे 24.4 टक्के. म्हणजे विडी ओढण्यापेक्षा आपल्या राज्याचा स्वतःचा प्रश्न मिश्री, मावा आणि चुना-तंबाखूचा जास्त आहे. विडी कमी घातक असते असं कुणी म्हटलं तर तेही खरं नाही. विडी सारखी विझते म्हणून जोरानं आणि वारंवार ओढावी लागते, त्यामुळं निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटइतकंच किंवा जास्त आत जातं.

भाषेबद्दल. आपल्या गावच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक भैया चौकात आहे, तुम्ही पाहिलं असेल. 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले तेव्हा 27 वर्षांचे होते. तिथं ते चिनी शिकले आणि त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवायला लागले. आरोग्याच्या आंतरराष्ट्रीय कामात ज्याच्याशी काम करायचं त्याची भाषा शिकायची ही रीत सोलापूरच्या माणसानं घालून दिलेली आहे. इथं तुम्हाला तीन भाषा येतात आणि समोरच्या संस्थेला त्यातली एक. दुभाषा मागा. नसेलच तर मराठीत बोला आणि खाली इंग्रजी मजकूर दाखवा. मी एका बैठकीत नेपाळच्या मुलीला असं करताना पाहिलं, सगळ्यांनी नीट ऐकलं.

पुढच्या वाटेबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेची इंटर्नशिप पूर्वी बिनपगारी होती, त्यामुळं जिनिव्हात राहायचा खर्च ज्यांना झेपेल तीच मुलं जायची. 2018 मध्ये आरोग्य सभेनं ठराव केला आणि 2020 पासून इंटर्नना विद्यावेतन मिळतं. वयाची अट किमान 20 वर्षं. आपल्या विभागाचं कार्यालय तर दिल्लीतच आहे. नर्सिंगच्या मुलीही अर्ज करू शकतात, फक्त इकडे कुणी सांगत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात 18 ते 26 वयाच्या मुलांसाठी वेगळी वर्गवारी आहे आणि राहण्या-जेवणाचा भत्ता मिळतो. ज्या गटात पैसे, प्रवास, इंटरनेट यातलं काहीच मिळत नाही तिथं शेवटी सुखवस्तू घरातली मुलंच उरतात, हे मात्र मी स्वतः बघितलंय. तुम्हाला डेटाचा खर्च देतात का, तेही विचारा. लाजू नका.

विडी_घरकुल:

मी कुंभारीच्या विडी घरकुलात वाढलो. दहा हजार घरांची वसाहत, विडी कामगार बायकांनी लढून मिळवलेली. आई अजून वळती. मी युनियनचं थोडंफार काम बघतो.

ताई, तुम्ही बोलाच. पण दोन गोष्टी डोक्यात ठेवा.

विडीवर नवा नियम आला की काही मालक कारखान्याला टाळं लावतात आणि बायकांना मोर्चात पुढं करतात. बायका जातात, कारण आठवडाभर काम बंद म्हणजे चूल बंद. बाहेरच्याला वाटतं बायकाच नियमाच्या विरोधात आहेत. त्यांना विचारा की, तुमच्या पोरीनं हे काम करावं का? माझ्या आईला विचारलं तर ती हात जोडून नको म्हणंल. आमच्या वसाहतीत पोरी आता गारमेंटला जातात, युनिफॉर्म शिवायच्या युनिटमध्ये. विडी वळायला बसत नाहीत. तेव्हा पुढच्या पिढीचा प्रश्न निम्मा आपोआप सुटतोय. अडकलीय ती चाळीस-पन्नाशीतली बाई. तिची नजर बारीक शिलाईला चालत नाही, पाठ मशीनवर टिकत नाही, घरातलं म्हातारं माणूस सोडून आठ तास बाहेर जाता येत नाही. तिच्यासाठी काय, हे विचारा.

दुसरं पैशाचं. 1976 च्या कायद्यानं विडी कामगार कल्याण निधी झाला. विडीवर उपकर घ्यायचे आणि त्यातून दवाखाना, घर, पोरांची शिष्यवृत्ती. 2017 ला जीएसटी आला आणि तो उपकर गेला. आता जे काही मिळतं ते सरकारच्या बजेटमधून. तुम्ही म्हणता तसा कर जरूर वाढू द्या, पण त्यातला वाटा पूर्वीसारखा कामगारांच्या नावानं बांधून ठेवा, हे सांगा. हे बोलायला तंबाखूची बाजू घ्यावी लागत नाही.

आणि शनिवारच्या आधी आपल्या गल्लीतल्या आठ-दहा बायकांना एकत्र बसवा. तुमची अम्मा बोलंल ते एका बाईचं. दहाजणी बोलल्या तर ते वस्तीचं.

पूर्वभाग_नर्सिंग:

काल दुपारी बसवलं. आमच्याच ओट्यावर, सगळ्या आपापलं सूप घेऊन आल्या, हात काही थांबले नाहीत. आधी अम्माला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “काम बंद करा म्हणू नको. काम बदला म्हण.”

बायकांनी जे सांगितलं त्यातलं बरंच मला माहीतच नव्हतं. एकीला पापड-शेवयांचं प्रशिक्षण मिळालं होतं, पण माल विकायचा कुठं ते कुणी सांगितलं नाही, परत विडीवर आली. एकीनं विचारलं, आमच्या छातीची तपासणी कधीच का होत नाही? गिरणीत कामाला असताना तिच्या सासऱ्यांची व्हायची. बहुतेक जणी मिश्री लावतात, आणि मिश्री सोडायला मदत मिळते हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते मात्र मीच करू शकते, आमच्या कम्युनिटी पोस्टिंगमध्ये हाच भाग घ्यायचं ठरवलंय, मॅडम हो म्हणाल्या.

समन्वयक मॅडमचं उत्तरही आलं. कलमांचे आकडे लिहिले होते, त्यांनी ते वाचून फोन केला. निवेदनाचा मसुदा मुलांना आधी दाखवणार, असं कबूल केलं. निर्णय घेणारं कोण असेल यावर म्हणाल्या की शनिवारी फक्त संस्थेची माणसं असतील, पण आरोग्य मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांबरोबर पुढं एक बैठक आहे, तिथं गटातून दोघंजण जातील. मी लगेच म्हटलं मला जायचंय. दुभाषा नाही, पण मराठीत बोलायला हरकत नाही म्हणाल्या.

हा मजकूर तयार केलाय, तीन मिनिटांत बसतो. बघून सांगा.

“मी सोलापूरची नर्सिंगची विद्यार्थिनी आहे. माझी आई विड्या वळते आणि मी विडी ओढणाऱ्यांची शुश्रूषा करते. मला तंबाखूमुक्त जग हवं आहे. माझ्या आईलाही तिच्या मुलीनं हे काम करायला नको आहे. काल माझ्या गल्लीतल्या बायकांशी मी बोलले. त्यांनी कुणी विडी स्वस्त ठेवा असं म्हटलं नाही. त्यांनी दुसरं काम मागितलं, घराजवळ करता येईल असं, आणि त्या कामाला गिऱ्हाईक. त्यांनी छातीची तपासणी मागितली. या मागण्यांना कराराच्या कलम 17 आणि 18 चा आधार आहे. माझी मागणी आहे की तरुणांच्या निवेदनात ही दोन कलमं नावानिशी यावीत, तंबाखूवरच्या करातला ठरावीक हिस्सा कामगारांच्या पर्यायी रोजगारासाठी राखून ठेवावा, आणि याचं धोरण ठरेल त्या बैठकीत विडी वळणाऱ्या बाईला खुर्ची असावी, कारखानदाराला नको. पर्यायी रोजगार द्या.”

फील्डवरची_ताई:

छान उतरलंय. शेवटची ओळ काढून टाक. ‘पर्यायी रोजगार द्या’ असं मोघम म्हटलं की तेवढंच उचलतात आणि पुन्हा पापडाचं प्रशिक्षण काढतात. त्या जागी त्या बाईचं म्हणणं घाल: प्रशिक्षण मिळालं, माल विकायची सोय झाली नाही, ती परत विडीवर आली. आणि ज्या बायका बोलल्या त्यांचं नाव कुठं घालू नकोस, कारखान्यातून काम कमी व्हायला वेळ लागत नाही.

मंत्रालयाच्या बैठकीला जायचा प्रवासखर्च लेखी घे.

इंटर्न_सिव्हिल:

ताईंनी सांगितलेला बदल करून मजकूर पाठवा, आज रात्रीच्या ड्यूटीनंतर इंग्रजी करून देतो. ‘छातीची तपासणी’ म्हणजे काय काय, ते एका ओळीत घाला: वर्षातून एकदा फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी, दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर टीबीसाठी थुंकी, आणि तोंडाची तपासणी. बायकांना मिश्री सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 ही राष्ट्रीय क्विटलाइन फुकट आहे. तिथं कुठल्या भाषेत बोलतात ते आधी तुम्ही स्वतः फोन करून बघा. तेलुगूत नीट बोलत असतील तरच नंबर गल्लीत द्या.

पूर्वभाग_नर्सिंग:

बदल करून पाठवला. नंबर उद्या सकाळी लावून बघते.